अस्मानी, सुलतानी आणि देवाची मर्जी

दुःखाच्या प्रसंगी देवाची इच्छा कशी ओळखावी, हा प्रश्न धर्मग्रंथांत जितका जुना आहे तितकाच वऱ्हाडातल्या ओसरीवरही जुना आहे. ग्रंथांत तो कर्म, नियती, ईश्वर अशा संज्ञा घेऊन येतो आणि ओसरीवर ‘देवाच्या मनात असन तसं होईन’ या एका वाक्यात मिटवला जातो. हे वाक्य ऐकताना शरणागतीचे वाटते. परंतु ते कोण म्हणतो, कोणाला म्हणतो आणि कोणत्या वेळी म्हणतो, यावर त्याचा अर्थ पालटतो. तिफण घरी आणून आभाळाकडे पाहणारा शेतकरी ते स्वतःशी म्हणतो, तेव्हा आपल्या हातचे सगळे करून झाले आहे असा निवांतपणा त्यात असतो. आणि कर्ता माणूस गेलेल्या घरात सांत्वनाला आलेला शेजारी, सोयरा किंवा पुढारी तेच वाक्य म्हणतो, तेव्हा पुढची चौकशी थांबवण्याची सोय त्यात असते. एका वाक्याची ही दोन कामे एकमेकांपासून सोडवून पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे, आणि त्यासाठी तिवसा तालुका व त्याच्या भोवतीचा अमरावती-अकोल्याचा मुलूख हे क्षेत्र निवडले आहे.

ही निवड केवळ सोयीची नाही. वर्धा नदीच्या पश्चिमेला, नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेल्या या तालुक्यात कौंडण्यपूर आहे, जे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि जिथून निघणाऱ्या पंढरपूरच्या पालखीची परंपरा १५९४ पासून सांगितली जाते. आडकोजी महाराजांचे वरखेड याच तालुक्यात आहे, आणि त्यांचे शिष्य राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी १९३५ मध्ये स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम मोझरीला महामार्गाच्या कडेलाच आहे. जरा पलीकडे गेले की मोर्शी तालुक्यात महानुभावांचे रिद्धपूर लागते, चांदूर बाजारकडे गुलाबराव महाराजांचे माधान, अंजनगाव सुर्जीकडे गाडगेबाबांचे शेंडगाव. एवढ्या आटोपशीर परिघात दुःख आणि ईश्वर यांच्या संबंधाविषयी इतक्या निरनिराळ्या भूमिका घेणारी माणसे होऊन गेली, आणि त्याच परिघात गेल्या चार दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा प्रश्न पुन्हा उघडा केला. तो इथे पुस्तकी राहूच शकत नाही.

या प्रश्नाचा उलगडा करण्याचे पहिले साधन तत्त्वज्ञानाने नव्हे, महसुली दप्तराने दिले आहे. ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ हे दोन फारसी वळणाचे शब्द मराठीत एका जोडशब्दासारखे वापरले जातात. अस्मान म्हणजे आकाश, सुलतान म्हणजे राज्यकर्ता, आणि जमिनीच्या ठेक्यांच्या जुन्या करारांत या दोन कारणांनी झालेल्या नुकसानीची वेगळी नोंद घेण्याचा प्रघात होता. पाऊस पडला नाही, गारपीट झाली, टोळधाड आली, तर ती अस्मानी. फौज गावावरून गेली, पट्टी वाढली, कारकुनाने लुबाडले, तर ती सुलतानी. वसुलीच्या सोयीसाठी केलेल्या या विभागणीत नैतिक विचाराचे बीज दडलेले होते, कारण ज्याच्यामुळे दुःख आले त्याच्याकडेच त्याचा जाब मागावा, हे तीत गृहीत आहे. आकाशाकडे जाब मागता येत नाही, म्हणून तिथे प्रार्थना. सुलतानाकडे मागता येतो, म्हणून तिथे फिर्याद. दुःख कोणत्या रकान्यात लिहावे हे चुकले की प्रार्थनेच्या जागी फिर्याद किंवा फिर्यादीच्या जागी प्रार्थना होते, आणि वऱ्हाडच्या इतिहासात दुसरी चूक पहिलीपेक्षा फार जास्त वेळा झालेली दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पडलेला दुष्काळ हे याचे ठळक उदाहरण आहे. काळ्या कसदार जमिनीमुळे वऱ्हाडात दुष्काळ पडत नाही अशी समजूत इंग्रज अधिकाऱ्यांत आणि स्थानिक लोकांतही होती. १८९६-९७ च्या टंचाईने ती डळमळली आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने मोडली. १८९१ च्या जनगणनेत सुमारे एकोणतीस लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांच्या आसपास आली, म्हणजे दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी ती जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. पाऊस पडला नाही हे खरेच होते, तेवढा भाग अस्मानी. परंतु अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून, म्हणजे १८६१ नंतर, वऱ्हाडची जमीन ज्वारीकडून कापसाकडे वळवली गेली होती, गावोगावची धान्याची पेवे रिती होत गेली होती, आणि ज्या रेल्वेने कापूस मुंबईला जात होता तिनेच धान्यही भाव चढेल तिकडे जात होते. लक्ष्मण सत्या यांच्यासारख्या इतिहासकारांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचा अभ्यास एकत्रच केला आहे, तो यासाठीच. ज्या पिढीने तो दुष्काळ भोगला तिला हा सगळा हिशेब दिसण्याचे कारण नव्हते. आभाळ मात्र दिसत होते, आणि म्हणून दोष आभाळाच्या नावे लिहिला गेला.

आता संज्ञांकडे वळणे आवश्यक आहे, कारण त्या सैलपणे वापरल्यामुळे या विषयात बराच घोटाळा झालेला आहे. वेदान्ताच्या परंपरेत कर्माचे तीन प्रकार सांगितले जातात. अनेक जन्मांत साठत आलेले आणि अद्याप फळाला न आलेले ते संचित. त्या साठ्यातले जे फळ द्यायला लागले आहे आणि ज्यामुळे हा देह, हे कूळ, हे सुखदुःख वाट्याला आले ते प्रारब्ध. आणि जे आज हातून घडत आहे ते क्रियमाण. शेतीच्या भाषेत सांगायचे तर पेवात भरलेले धान्य हे संचित, शेतात उगवून आलेले पीक हे प्रारब्ध आणि तिफणीच्या चाड्यावर धरलेली मूठ हे क्रियमाण. शांकर परंपरेत प्रारब्धासाठी धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा दृष्टान्त दिला जातो: ज्ञान झाले तरी सुटलेला बाण परत घेता येत नाही, त्याचा वेग संपेपर्यंत तो जातोच. या दृष्टान्ताचा रोख भात्यात उरलेल्या बाणांकडेही आहे, हे मात्र बहुतेक वेळा विसरले जाते. लोकव्यवहारात ‘प्रारब्ध’ हा एकच शब्द उरला, ‘क्रियमाण’ प्रवचनापुरता राहिला, आणि तीन अवयवांचा सिद्धान्त एका अवयवावर लंगडत चालू लागला. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, त्यामागे हा तोल पुन्हा साधण्याचीच गरज होती.

येथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद नोंदवला पाहिजे. कर्मफळ आणि देवाची इच्छा या दोन वेगळ्या कल्पना आहेत, आणि काटेकोर पाहिले तर त्या एकमेकींना छेद देतात. दुःख आपल्याच कर्माचे फळ असेल तर त्यात देवाच्या इच्छेला काम उरत नाही, आणि देवाच्या इच्छेने आले असेल तर कर्माला काम उरत नाही. सर्वसामान्य श्रद्धाळू माणूस दोन्ही एकाच श्वासात म्हणतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. ही विसंगती ज्यांना खुपली त्यांत महानुभाव पंथाची गणना करावी लागते. चक्रधरस्वामींच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ मानले आहेत. कर्माची बरीवाईट फळे भोगवणे हे देवतांचे काम, आणि परमेश्वराचे काम जीवाला त्या चक्रातून सोडवण्याचे. म्हणजे ताप, दारिद्र्य, अपमृत्यू यांच्या मागे परमेश्वराची इच्छा शोधणे हे या पंथाच्या दृष्टीने पत्ता चुकणे आहे. परमेश्वराच्या इच्छेचा शोध घ्यायचाच तर तो त्याच्या कृपेत घ्यावा. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’ची रचना ज्या रिद्धपुरात केली आणि जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, ते गाव तिवशापासून फार दूर नाही. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाच्या जन्मस्थानी देवाला दुःखाच्या आरोपातून मोकळे करणारा विचार नांदत होता, ही गोष्ट भाषेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते तेवढ्यापुरती राहू नये.

दुःखाला देवाचा दंड मानण्याचा मोह केवळ अडाणी माणसालाच होतो असेही नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड असल्याचे म्हटले. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्यातून सुरू झालेली त्यांची अस्पृश्यतानिवारणाची यात्रा त्या वेळी दक्षिणेत होती, आणि त्यांच्या मनाचा सारा रोख त्या एका प्रश्नावर होता. रवींद्रनाथ ठाकुरांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली: निसर्गाच्या घडामोडींना नैतिक कारण चिकटवले की उद्या प्रतिपक्षही तोच भूकंप आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरील, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. गांधीजींनी तो आक्षेप ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपले म्हणणे सोडले नाही. हेतू कितीही उदात्त असला तरी या वादात ठाकुरांचीच बाजू बळकट ठरते, कारण भूकंपात मेलेल्यांत स्पृश्यही होते आणि अस्पृश्यही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाही दंड झाला, असे मानल्याशिवाय ती उपपत्ती उभी राहत नाही.

याच उपपत्तीची उलटी बाजू शतकानुशतके दलितांच्या वाट्याला आली होती. अमुक जातीत जन्म झाला तो मागच्या जन्मीच्या पापामुळे, हे एकदा मान्य केले की विहिरीवरची बंदी हीसुद्धा ईश्वरी व्यवस्था ठरते. अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तिथे परिषद भरली, तेव्हा प्रश्न वरकरणी एका मंदिराच्या दाराचा होता. पण जे दुःख देवाने दिले असे सांगितले जात होते ते माणसांनी दिलेले आहे, हे त्यात या मुलखात जाहीरपणे मांडले गेले. १९५६ च्या धर्मांतरानंतर वऱ्हाडातल्या मोठ्या समाजाने पूर्वजन्मीच्या कर्माची ती उपपत्तीच सोडून दिली, आणि दुःखाचे मूळ शोधण्यासाठी माणसामाणसांतल्या व्यवहाराकडे पाहणाऱ्या बुद्धाच्या धम्माचा स्वीकार केला. देवाच्या इच्छेविषयीच्या कोणत्याही विवेचनाला, विशेषतः वऱ्हाडातल्या, हा नकार विचारात घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

गाडगेबाबांचा नकार वेगळ्या जातीचा होता. तो आस्तिकाचा होता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावात जन्मलेल्या या माणसाचे वडील दारूपायी गेले, आणि ज्या मामाच्या घरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, त्यांचे बालपण गेले त्याची शेती सावकाराच्या घशात गेली. दोन्ही आपत्तींना गाव ‘नशीब’ म्हणत होते. दारू देवाने पाजली नाही आणि कर्जखतावरचा अंगठा देवाने उठवला नाही, हे त्यांना घरातच दिसले होते, आणि पुढे आयुष्यभराच्या कीर्तनांत त्यांनी श्रोत्यांना साधे प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून हे वदवून घेतले. नवस हा त्यांचा आवडता विषय. नवस म्हणजे अमुक झाले तर तमुक देईन असा देवाशी केलेला करार. वऱ्हाडात तो बहुधा बोकडाच्या मोलाने फेडला जाई, आणि तो फेडण्यासाठी काढलेले कर्ज दुसऱ्या दुःखाचे कारण होई. देवाची इच्छा ही बोकड देऊन वळवता येणारी गोष्ट नव्हे, एवढे सांगून ते थांबत नसत. पंढरपूर, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा उभारून त्यांनी आजारी माणसाच्या नातलगांना टेकायला जागा केली. त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूची वार्ता कोकणात कीर्तनाच्या ठिकाणी पोहोचली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या प्रसंगाचे कौतुक करण्याची पद्धत आहे. परंतु त्या घरातल्या आईच्या बाजूने तो पाहिला तर तो इतका सोपा राहत नाही, हेही नोंदवणे भाग आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच, त्यांचे निधन झाले.

या परंपरेला ग्रंथाचे रूप मोझरीत मिळाले. ३० एप्रिल १९०९ रोजी यावली येथे जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच तुकडोजी महाराज, हे खंजिरीवर भजने म्हणणारे संत म्हणून घराघरात पोहोचले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले, आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी ‘ग्रामगीता’ रचली. एकेचाळीस अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या अनुक्रमणिकेवर नुसती नजर फिरवली तरी त्याचा स्वभाव कळतो: ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, अंत्यसंस्कार. दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथात शौचकूप, खतखड्डे आणि आत्मानुभव हे एकाच बांधणीत येतात, हे सांगणे कठीण आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातले दोन लागोपाठचे अध्याय विशेष महत्त्वाचे आहेत, ‘प्रारब्धवाद’ आणि ‘प्रयत्नप्रभाव’. सगळे प्रारब्धानेच घडते तर धडपड कशाला, ही शंका श्रोत्याच्या तोंडी घालून ग्रंथकार तिचे उत्तर देतात. ज्याला प्रारब्ध म्हणतात ते पूर्वीच्याच प्रयत्नांचे साचलेले फळ आहे आणि म्हणून प्रयत्नानेच ते बदलते, या दिशेने ते उत्तर जाते. वेदान्ताच्या चौकटीतच राहून क्रियमाणाला त्याची गमावलेली जागा परत देण्याचा हा मार्ग आहे, आणि तो मुद्दाम निवडलेला दिसतो. ज्यांच्याशी बोलायचे ते श्रोते प्रारब्ध हा शब्द टाकून द्यायला तयार नव्हते.

तुकडोजी महाराजांनी यापुढे टाकलेले पाऊल अधिक मोलाचे आहे. परंपरेत प्रारब्ध व्यक्तीचे असते. ज्याचे त्याने भोगायचे. ‘ग्रामगीते’चा सारा भर गाव हे एक कुटुंब आहे या कल्पनेवर आहे, आणि ती कल्पना मान्य केली की एकाच्या दुःखाचा हिशेब एकट्याच्या नावे लिहिता येत नाही. गावच्या विहिरीत घाण झिरपत असेल आणि एका घरातले मूल पटकीने गेले, तर ते त्या मुलाचे प्रारब्ध होते की गावाच्या आळसाचे फळ? ग्रामशुद्धीचा अध्याय लिहिणाऱ्याचे उत्तर उघड आहे. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी सकाळच्या ध्यानाला आणि संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसफाईची जोड दिली, ती याच विचारातून. देवापुढे बसण्याआधी ज्याची जबाबदारी देवावर टाकता येणार नाही ते उरकून घ्यायचे. प्रार्थनेच्या वेळी समोर कोणा एका देवाची मूर्ती न ठेवता अधिष्ठानासमोर बसण्याची तिथली पद्धतही अर्थपूर्ण आहे, कारण विशिष्ट देवाच्या कोपाची भाषा त्या रचनेत बसतच नाही.

कुष्ठरोगाचा इतिहास या ठिकाणी थोडक्यात सांगावा लागतो. हॅन्सन या नॉर्वेच्या वैद्याने १८७३ मध्ये या रोगाचे जंतू दाखवून दिले, तरी पुढची कित्येक दशके महारोग म्हणजे पापाची खूण ही समजूत हलली नाही, आणि १८९८ च्या कायद्याने तर रुग्णाला समाजाबाहेर ठेवण्याला सरकारी अधिष्ठान दिले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले आणि रुग्णांना सुतारकाम, विणकाम, शेती यांत गुंतवून भीक बंद केली. पुढे १९४९ मध्ये बाबा आमटे यांचे आनंदवन वरोऱ्याला सुरू झाले. औषधांनी रोग बरा होऊ लागला, तसा देवाचा कोप आपोआप ओसरला. एखाद्या दुःखाला उपाय सापडला की ते दुःख देवाच्या रकान्यातून निघून जाते. असे असेल तर ते मुळात त्या रकान्यात होते, की फक्त आपल्या अज्ञानाच्या?

आज हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो कापसाच्या शेतात. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने एकत्र जीवन संपवले आणि दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग करून ती आठवण जागवली जाते. २००६ मध्ये केंद्र सरकारने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य सरकार एक लाख रुपये देते. पण त्यासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. शेती मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावे असावी, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, ते थकलेले असावे, अशा अटी त्यात आहेत. बटईने किंवा मक्त्याने दुसऱ्याचे वावर करणारा आणि नातेवाइकाकडून किंवा कृषी केंद्रातून उधार घेणारा यात सहज अपात्र ठरतो. समिती जे करते ते एका अर्थाने जुन्या दप्तराचेच काम आहे: हे दुःख शासनाच्या रकान्यात लिहायचे की नाही, याचा निवाडा. अपात्र ठरलेल्या दुःखाला मग रकाना उरतो तो एकच. कागदावर ज्याची जबाबदारी कोणी घेत नाही ते घरात ‘देवाची मर्जी’ होते.

अर्थात आजच्या शेतीत अस्मानी आणि सुलतानी वेगळे करणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे, आणि जो ते चुटकीसरशी करून दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापसाची बोंडे आतून खाल्ली. अळी ही निसर्गाची, परंतु तिला पचलेले बियाणे बाजारातले, तिला जगवणारी फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उपटून न टाकता पुढचे पीक घेण्याची रीत, शेतकऱ्याची, आणि ती रीत पाळायला लावणारी पैशाची ओढ पुन्हा भावाची. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारट. ते कोणी खारट केले नाही, पण तिथल्या माणसाला गोडे पाणी किती वर्षांनी मिळाले हे मात्र कोणीतरी ठरवले. वर्धा नदीवर मोर्शीजवळ धरण झाले आणि कालवे निघाले, तेव्हा कालव्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन वावरांचे नशीब वेगळे झाले, पाऊस दोघांवर सारखाच पडत असताना.

एवढी छाननी करूनही काही उरते, आणि हा उरलेला भाग नाकारणे हा या विषयातला दुसरा मोठा दोष आहे. गुलाबराव महाराज १८८१ मध्ये जन्मले आणि नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. शास्त्रे त्यांनी ऐकून आत्मसात केली, शंभराहून अधिक रचना सांगून लिहवल्या, ज्ञानेश्वरांना पिता मानले, कृष्णाला पती मानून मधुराद्वैताचा मार्ग दाखवला, आणि १९१५ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते गेले. ‘प्रज्ञाचक्षू’ ही उपाधी त्यांना गौरवाने दिली जाते. पण नऊ महिन्यांच्या मुलाचे डोळे का गेले, याला सुलतान जबाबदार नव्हता, गाव जबाबदार नव्हते, आणि त्या मुलाचे क्रियमाण तर सुरूही झाले नव्हते. पूर्वजन्मीचे कर्म म्हटले तर प्रश्न मागच्या जन्मात ढकलला जातो. देवाची योजना म्हटले तर एका बालकाच्या अंधत्वातून थोर ग्रंथ निर्माण करणाऱ्या देवाचे समर्थन करावे लागते. महाराजांनी स्वतः आपल्या अंधत्वाभोवती तक्रारीचे शास्त्र रचले नाही; त्यांनी त्या दुःखाला अर्थ मागितला नाही, त्यातून नाते निर्माण केले, आणि मराठी भक्तिपरंपरेत ही दिशा नवी नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दुकान बुडाले, घरची माणसे अन्नावाचून गेली. पुढे वाट्याला आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. लोकांनी आपल्याला देणे लागावे हे त्यांनी दुःखानंतर नाकारले. देवाने हे का केले, या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले की नाही हे ठाऊक नाही. इतरांच्या माथ्यावरचे ओझे त्यांनी उतरवले हे मात्र पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले आहे.

या विवेचनात म्हणूनच देवाची इच्छा ही दुःखाच्या आधी, त्याचे कारण म्हणून शोधलेली नाही. दुःख आल्यानंतर माणसाने काय केले, यात तिचा माग काढला आहे. ख्रिस्ती वाचकाला इयोबाची कथा आठवेल, जिच्यात सांत्वनाला आलेले मित्र दुःखाची कारणे सांगतात आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील तीर्थे करत, व्रते पाळत दुष्काळात उपाशी मेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुलींना केडगावला आणताना त्या अनुभवाचा त्यांनी काय अर्थ लावला, हे त्यांच्या कृतीतून दिसते. पुढील विवेचनात कौंडण्यपूरच्या वारकऱ्यांची, मोझरीच्या सेवकांची, रिद्धपूरच्या महंतांची आणि धम्माच्या मार्गाने गेलेल्या वस्त्यांची भाषा आलटूनपालटून येईल, आणि एकीने दुसरीवर मात करावी असा प्रयत्न त्यात नाही; काही ठिकाणी त्या भाषांचे जमत नाही, ते तसेच ठेवले आहे.

तुकडोजी महाराजांचे निधन कर्करोगाने, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी झाले. त्यांच्या पुण्यतिथीचा महोत्सव आश्विनात भरतो, सोयाबीन खळ्यावर येते आणि पहिल्या वेचणीचा कापूस घरात पडू लागतो त्या दिवसांत. भाव काय निघेल हे कोणालाच ठाऊक नसते. पुण्यतिथीच्या दिवशी मोझरीला जमलेला लाखोंचा समुदाय नेमक्या त्या मिनिटाला उभा राहतो, महामार्गाच्या कडेला थांबलेली माणसेही उभी राहतात, आणि काही क्षण तिथे कोणीही काही बोलत नाही. मग सर्व धर्मांच्या प्रार्थना सुरू होतात.